बाईसाहेब, गाडी आली आहे

"बाईसाहेब, गाडी आली आहे."

हेस्टर ग्रिबलने सकाळी सहा वाजता हे आरशाला सांगितलं, आणि शेजारच्या खोलीतले म्हातारे मिस्टर अपहॅम उठून खिडकीशी गेले. तीस वर्षं ट्रामवर कंडक्टर होते ते. गाडी म्हटलं की त्यांना बसवत नसे. त्या आठवड्यात ते असे अकरा वेळा उठले होते.

"अगं, पुरे कर!" घरमालकीण मिसेस डॉर्नबुश जिन्यातून ओरडल्या. "त्यांचे गुडघे जातील! आणि 'गाडी'वर एवढा जोर कशाला? आगगाडी येतेय का?"

"मग 'आली'वर देऊ?" हेस्टरने गंभीरपणे विचारलं.

गंभीर व्हायला कारण होतं. हॉलिवूडमध्ये चौदा वर्षांत एकशे बारा मूकपटांत तिने मोलकरीण केली होती. एवढ्या ट्रेमधून तिचा एकही कप फुटला नव्हता, आणि एकही शब्द कुणी ऐकला नव्हता. आता बोलपट आले होते. तिच्या बरोबरीच्या ज्या बायकांचा आवाज मायक्रोफोनला रुचला नाही, त्या दुकानांत टोप्या विकत होत्या. हे चार शब्द नीट गेले तर हेस्टर बोलणारी नटी, नाहीतर टोप्या.

एप्रन तिचा स्वतःचा होता. रात्रभर कडक खळ देऊन वाळवलेला, टेबलावर उभा केला तर उभा राहील असा. मूकपटाच्या दिग्दर्शकांनी तिला या एप्रनवरच तर चौदा वर्षं बोलावलं होतं.

स्टुडिओत 'गप्प राहा' सांगणारा तांबडा दिवा लागला, आणि सगळं चिडीचूप झालं. चर्चमध्येसुद्धा कुणीतरी खोकतं. इथे दोनशे माणसं, सुतारांपासून नायिकेपर्यंत, टेबलावरच्या फुलदाणीपुढे श्वास धरून उभी होती. लिलीच्या फुलांत मायक्रोफोन लपवला होता. हेस्टरने आत येताना नकळत फुलदाणीला मान लववली. मग ती दोन पावलं चालली.

"थांबा!" आवाजाची व्यवस्था बघणारे मिस्टर फिंच काचेच्या खोलीतून धावत आले. "जंगल पेटलंय कुठेतरी!"

जंगल म्हणजे खळीच्या एप्रनची कडकड. तो पाण्यात बुडवून पिळला, तर थेंब गळायला लागले. "आता पाऊस," फिंच म्हणाले. शेवटी फ्लॅनेलचा एप्रन आणला. तेव्हा बूट करकरले. बुटांखाली लोकरीचा जाड नमदा बांधला, तर हेस्टर गुळगुळीत फरशीवरून घसरत थेट नायिकेच्या मांडीपर्यंत पोचली. मग कप वाजले. ते मेणाने ट्रेला चिकटवले. मग झग्याखाली कंबर आवळणाऱ्या पट्ट्याच्या काड्या कुरकुरल्या. कपडेपटाच्या बाईने पडद्याआड नेऊन तोही काढून घेतला.

"बाई, श्वास कुठून घेता?" फिंचनी विचारलं.

"नाकातून."

"नका घेऊ."

"किती वेळ?"

"अहो, मोलकरणीपायी नायिकेचं रडू वाळतंय!" दिग्दर्शक लॉकवूड डोकं धरून म्हणाले. "हेस्टरबाई, चौदा वर्षं तुमची कधी तक्रार नाही. आता हूं की चूं होता कामा नये. कळलं?"

हेस्टरने मान हलवली. 'हो' म्हणायचीसुद्धा तिला भीती वाटली.

दुपारी तीन वाजता तांबडा दिवा नवव्यांदा लागला. हेस्टर तरंगत आत आली. एप्रन गप्प, बूट गप्प, कप गप्प. ती थांबली, ओठ उघडले, आणि ते चार शब्द तिच्या कानांत घंटेसारखे घुमले. नायिकेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अप्रतिम!" लॉकवूड ओरडले. "असं रडू पुन्हा व्हायचं नाही. हाच ठेवा!"

काचेमागे फिंच कानावरचे हेडफोन काढून झटकत होते, पुन्हा लावत होते. पण नायिका एव्हाना जेवायला गेली होती.

दोन महिन्यांनी, रविवारी दुपारच्या खेळाला मिसेस डॉर्नबुशनी अख्खं बिऱ्हाड नेलं. पंधराशे खुर्च्या भरल्या होत्या. पडद्यावर दार उघडलं.

"ती बघा, आमची हेस्टर!" त्या मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा कुजबुजल्या.

पडद्यावरच्या हेस्टरने ओठ हलवले. चार शब्दांइतके, सुबक, स्पष्ट. आवाज मात्र काही आला नाही.

खुर्चीतल्या हेस्टरला तेव्हा कुठे उमगलं. चौदा वर्षांची सवय! हूं की चूं नको म्हणाले, आणि तिने ती आज्ञा अक्षरशः पाळली होती.

पण थिएटरला हे कुठे माहीत? बोलपटाचा आवाज वेगळ्या तबकडीवरून वाजे, आणि तिच्यावरची सुई घसरून तो जाणं रोजचंच होतं. "आवाज!" कुणीतरी बोंबललं. पाय आपटले जाऊ लागले. खेळ थांबला, यंत्रवाल्याने तबकडी पुसली, रीळ पहिल्यापासून लावलं. दार उघडलं. ओठ हलले. शांतता.

"अहो, ती बाई काय म्हणतेय ते ऐकू द्या की!" बाल्कनीतून गर्जना झाली.

तिसऱ्यांदा रीळ लागलं, तेव्हा हेस्टर थक्क होऊन सभोवार बघत होती. पंधराशे माणसं तिच्या चार शब्दांसाठी अडून बसली होती. नायिकेचे शब्द सगळे ऐकू येत होते, त्यांची कुणाला पर्वा नव्हती. अंधारात ती उभी राहिली. पडद्यावरचे ओठ उघडताच तिने स्वच्छ आवाजात, 'गाडी'वर मुळीच जोर न देता, सांगून टाकलं:

"बाईसाहेब, गाडी आली आहे."

"हां! आता कसं!" थिएटरभर समाधानाचा सुस्कारा गेला. टाळ्या पडल्या. खेळ पुढे सरकला.

थोड्या वेळाने थिएटरचा मॅनेजर टॉर्च घेऊन वाकत वाकत रांगेत आला. "बाई," तो अदबीने म्हणाला, "हा खेळ इथे आठवडाभर आहे, रोज तीनदा. तुम्ही मोकळ्या आहात का?"

हेस्टरने सवयीने नुसती मान लववली.

"मोकळी आहे ती!" मिसेस डॉर्नबुश म्हणाल्या. "मिस्टर अपहॅम, तुम्ही तरी सांगा की हो!"

मिस्टर अपहॅमची खुर्ची रिकामी होती. टोपी आणि काठी घेऊन ते केव्हाच दाराशी जाऊन उभे राहिले होते.