निकषात बसलेली कॉन्सर्टिना

चिखल्याचे नविनमास्तर यांचा उजवा गुडघा वयाच्या चौपन्नाव्या वर्षी वाकेनासा झाला. ही बाब तशी खाजगी होती. परंतु मास्तर चौतीस वर्षं भजनात पेटी वाजवत होते, आणि पेटी मांडी घालून वाजवायची असते, त्यामुळे ती सार्वजनिक झाली. मंडळाने त्यांच्यासाठी खुर्ची आणली, पेटी स्टुलावर ठेवली. पण सगळे खाली आणि आपण वर, म्हणजे भजनात देवाच्याही वर बसल्यासारखं मास्तरांना वाटू लागलं. दोन एकादश्या त्यांनी कशाबशा काढल्या आणि तिसरीला घरीच राहिले.

त्याच सुमारास घोलवडच्या रुस्तमकाकांकडे त्यांची पेटी दुरुस्त करून द्यायला मास्तरांचं जाणं झालं. काका जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. पेटीचं काम आटोपल्यावर त्यांनी कपाटातून एक षटकोनी वाद्य काढलं. दोन्ही हातांत धरायचं, मधे घड्यांचा भाता, दोन्ही अंगांना बटणं.

"कॉन्सर्टिना," काका म्हणाले. "एका बंदरावर घेतली होती. उभ्याने वाजवा, चालता चालता वाजवा. मांडीचा काही संबंध नाही."

मास्तरांनी ती हातात घेतली. वाद्य नवं होतं, कान जुना होता. आधी त्यांनी एक टोक धरून दुसरं खाली सोडून पाहिलं. बटण दाबल्याशिवाय भाता उघडेना. म्हणजे हवा कुठून पळत नव्हती. भाता ओढला काय, दाबला काय, एका बटणातून एकच सूर येत होता. काका म्हणाले, दुसरी एक जात असते, तिच्यात ओढताना एक सूर आणि दाबताना दुसरा. पेटीवाल्याच्या हाताला हीच बरी. मग मास्तरांनी अगदी फुंकरीएवढ्या हवेवर एकेक सूर लावला. खालचा सासुद्धा न रेंगाळता बोलला. शेवटी डोळे मिटून त्यांनी भूप काढायला घेतला. बटणं शोधताना तीनदा चुकले, आणि चुकण्यात इतकी मजा त्यांना गेल्या तीस वर्षांत आली नव्हती.

"घेऊन जा," काका म्हणाले. "माझ्या बोटांना आता चहाचा कपसुद्धा धरवत नाही."

इथे मास्तरांनी स्वतःचा घात करून घेतला. "फुकट नको काका," ते म्हणाले. "तलासरीला कलावंतांना वाद्य देण्याची योजना निघालीय. त्यातून रीतसर घेतो." कार्यक्रम होईल, हार घालतील, भजनी मंडळ पहिल्या रांगेत बसून बघेल, हे ते मोठ्याने बोलले नाहीत.

मास्तरांची बायको रूपी सुकी मासळी विकायची. तिने हे ऐकलं आणि बोंबलांची जुडी बांधता बांधता म्हणाली, "जाळ्यात आलेला पापलेट समुद्रात सोडून बाजारात पापलेटचा भाव विचारत फिरणारा तांडेल मी आज पहिल्यांदा बघितला."

योजनेचं नाव 'दुर्लक्षित कलावंत हस्तवाद्य सुलभीकरण योजना' असं होतं. तलासरीला योजनेच्या कक्षात शितल मॅडम बसत. त्या मनाने चांगल्या होत्या. कोणालाही त्या परत पाठवत नसत, पुढच्या टेबलाकडे पाठवत.

"कॉन्सर्टिना," मॅडमनी संगणकात शोधलं. "यादीत नाही. वाद्यप्रकार निवडावा लागेल. चामड्याचं, तारेचं की फुंकण्याचं?"

"यातलं कुठलंच नाही. भात्याचं आहे."

"भात्यातून काय येतं?"

"हवा."

"मग फुंकण्याचं."

"पण मॅडम, तोंड लावावं लागत नाही. भाता हाताने ओढायचा."

"ओढणार कोण? तुम्हीच ना? मग हवा तुमचीच झाली." मॅडमनी 'फुंकण्याचं' वर टिचकी मारली. फुंकण्याच्या वाद्याला फुप्फुसाचा दाखला सक्तीचा होता. मास्तर दवाखान्याच्या रांगेत उभे राहिले आणि 'अर्जदाराची फुप्फुसे वाद्य वाजवण्यास सक्षम आहेत' असं लिहून घेऊन आले.

मग अनुभवाचा रकाना आला. मागितलेलं वाद्य किमान पाच वर्षं वाजवल्याचा पुरावा हवा होता.

"पेटी चौतीस वर्षं वाजवलीय," मास्तर म्हणाले. "कॉन्सर्टिना पंधरा मिनिटं. पाच वर्षं वाजवली असती, तर ती माझ्याकडेच असती की."

"तुमच्याकडे असती तर तुम्ही अपात्र ठरला असता," मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुम्ही नवशिक्या गटातून या. त्यात अनुभव लागत नाही. फक्त तीन महिन्यांचा सुरुवातीचा वर्ग करावा लागतो."

तो वर्ग किंजल घेत होती. किंजलला सा कुठे असतो हे मास्तरांनीच ती सात वर्षांची असताना शिकवलं होतं. पण तिच्याकडे प्रमाणपत्र होतं आणि मास्तरांकडे नव्हतं. पहिल्या दिवशी तिने त्यांना पाहिलं, तेव्हा फळ्यावर लिहिलेल्या 'सा'च्या पुढे तिला सरकवेना. "काका, तुम्ही हजेरीवर सही करा आणि मागे बसा," ती कुजबुजली. मास्तर तीन महिने मागे बसले. परीक्षेत त्यांना बासष्ट गुण मिळाले, कारण 'सूर म्हणजे काय' या प्रश्नाचं उत्तर त्यांनी गाऊन दाखवलं होतं.

अर्जात मागितलेलं वाद्य म्हणून प्रमाणपत्रावर 'विषय : कॉन्सर्टिना' असं छापून आलं, आणि तिथून प्रकरणाला गती मिळाली. कॉन्सर्टिनाचा कागद असलेला आसपासच्या तालुक्यांत हा एकच माणूस निघाला. त्यामुळे अर्जदार नविनमास्तर यांना गुणवत्ता तपासणी समितीवर तज्ज्ञ म्हणून नेमण्यात आलं. मास्तर घरी येऊन रूपीला म्हणाले, "बघ, तज्ज्ञ झालो."

"गेल्या आठवड्यात नवशिके होतात ना?" रूपी म्हणाली.

त्यांनी मनापासून निकष लिहून दिले. भाता गळू नये. ओढताना आणि दाबताना सूर सारखा यावा. सगळे सूर हलक्या हवेवर बोलावेत. बटणं अडकू नयेत. आवाज गोड असावा. त्याला 'फक्त कान असलेल्यालाच तपासता येईल' अशी टीपही जोडली.

कार्यालयाने निकषांचं सुसूत्रीकरण केलं. आवाजाचा निकष व्यक्तिनिष्ठ असल्याने वगळला. हलक्या हवेचा पावसाळ्यात तपासता येणार नाही म्हणून वगळला. 'ओढताना आणि दाबताना सूर सारखा' याचं 'वाद्य दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे' असं झालं. 'भाता गळू नये' मात्र जसाच्या तसा राहिला. त्याचा मास्तरांना फार आनंद झाला.

वाद्य पुरवू इच्छिणाऱ्यांकडून दोन नमुने आले. एक रुस्तमकाकांनी पाठवलेली त्यांची स्वतःची कॉन्सर्टिना. मास्तरांनीच त्यांना अर्ज भरायला लावला होता. दुसरा जिग्नेशभाईंनी आणला. ते पलीकडून, गुजरातेतून, प्लास्टिकच्या खुर्च्यांपासून व्यासपीठाच्या पडद्यांपर्यंत काहीही आणून द्यायचे. त्यांची कॉन्सर्टिना लालभडक होती आणि बटणांना सोनेरी मुलामा होता.

"एकदम फर्स्ट क्लास पीस छे, मास्तर," जिग्नेशभाई म्हणाले. "तीस बटणं. मोजून घ्या."

समितीवर लोकवाद्यांचा प्रतिनिधी म्हणून पांड्या होता. पांड्या तलासरीजवळच्या पाड्यावरचा. तारपा वाजवायचा आणि त्यासाठी लागणारा भोपळाही स्वतःच लावायचा. मास्तर आणि तो वीस वर्षांचे दोस्त. त्याने लाल वाद्य उचललं, एकेक बटण दाबलं, कानाशी नेलं.

"मास्तर," तो म्हणाला, "यांतली आठच बटनं बोलतात. बाकीच्यांच्या आतमधी कोन ऱ्हातच नाय."

"बटणं अडकतात का?" शितल मॅडमनी विचारलं.

"अडकत नाय. अडकायला काय हाय त्यांना?"

"मग निकष पूर्ण," मॅडमनी लिहिलं. "आता गळती."

शिपायाने पाण्याने भरलेली बादली आणून टेबलाजवळ ठेवली. मास्तरांना आधी वाटलं, फरशी पुसायची असेल. लाल कॉन्सर्टिना बादलीत सोडली, ती बदकासारखी तरंगली. शेरा पडला : गळती नाही. मग शिपायाने रुस्तमकाकांची कॉन्सर्टिना उचलली.

"अहो, नको!" मास्तर दुखऱ्या गुडघ्यानिशी उठले. "गळती म्हणजे हवेची! त्याचा भाता पुठ्ठ्याचा आहे, आत पोलादाच्या पट्ट्या आहेत!"

"मास्तर, निकष तुमचाच आहे," मॅडम म्हणाल्या. "एकाला पाणी आणि एकाला नाही, असं केलं तर तक्रार होईल."

उठायला मास्तरांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात काम झालं होतं. वाद्य बुडाशी गेलं. बुडबुडे आले, आणि त्यांच्याबरोबर आतून एक खालचा सूर आला, लांबलचक. मास्तरांनी तो ओळखला. इतिवृत्तात लिहिलं गेलं : 'नमुना क्रमांक एक बुडाला, तसेच तपासणीदरम्यान त्याने आवाज केला. सबब बाद.'

मास्तरांनी वाद्य बाहेर काढून स्वतःच्या सदऱ्याने पुसलं. भात्याच्या घड्या फुगून सुटत होत्या. मॅडमनी सहीचा कागद पुढे केला.

पांड्याने हात मागे घेतला. "मी नाय अंगठा देनार. हा बाजा नाय, डबा हाय."

लगेच नोंद झाली की श्री. पांड्या यांचा अनुभव भोपळ्याच्या वाद्याचा असल्याने त्यांचे मत या विषयाशी संबंधित नाही. मग सगळे मास्तरांकडे पाहू लागले.

"तुम्ही सही केली नाहीत तर फाइल बंद होईल," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आणि मास्तर, पहिला लाभार्थी म्हणून तुमचंच नाव छापून आलंय. फोटोसकट."

पांड्या उठून बाहेर पडला. ते सोसणं मास्तरांना फार जड गेलं. ओल्या हातांनी त्यांनी पेन घेतलं आणि 'वाद्य उत्तम दर्जाचे आहे' याखाली सही केली. बाहेर येऊन पाहतात तर पांड्या त्यांची वाट न बघता हायवेच्या दिशेने निघून गेला होता.

समारंभ पुढच्या महिन्यात तलासरीच्या सभागृहात झाला. हार होता, शाल होती, भजनी मंडळ पहिल्या रांगेत होतं. मास्तरांना हवं होतं ते सगळं होतं. निवेदकाने सांगितलं की आता आपण एक विदेशी वाद्य ऐकणार आहोत, ज्याचे सूक्ष्म सूर समजायला तयार कान लागतो.

मास्तर उभे राहिले आणि लाल कॉन्सर्टिना उघडली. तीस बटणांत आठ सूर, त्यांतले दोन एकमेकांशी भांडणारे. भूपातले पाच सूर त्यात सापडतील का, हे ते आठवडाभर शोधत होते. तीन सापडले होते. ते तीन त्यांनी वाजवले. जिथे सूर नव्हता, तिथे नुसता भात्याचा सुस्कारा आला. घामाने सदरा पाठीला चिकटला. चौतीस वर्षांत त्यांनी पेटीवर एवढं वाईट कधीच वाजवलं नव्हतं, शिकतानाही नाही.

ते थांबले आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. "काय संयम आहे सुरांत!" पहिल्या रांगेतून कोणी म्हणालं. "मोकळ्या जागा बघा, मोकळ्या जागा!" दुसऱ्याने मान डोलावली. मंडळाच्या अध्यक्षांनी डोळे पुसले. शितल मॅडमनी अभिप्रायाचे कागद वाटायला सुरुवात केली. त्यावर 'उत्तम' आणि 'अतिउत्तम' असे दोन पर्याय होते.

टाळ्या थांबल्या, तेव्हा मागच्या बाजूने एक बाई उठली. ती पांड्याची बायको भिकी. नवऱ्याने येणार नाही म्हटलं, म्हणून ती एकटीच आली होती. मास्तर वाजवायचे तेव्हा ती पाड्यावरून येऊन ऐकायची.

"मास्तर," तिने अगदी मनापासून विचारलं, "सूर जुळवून झालं असंल, तं आता वाजवाल ना?"

मास्तरांच्या छातीवरचा दगड कोणीतरी उचलल्यासारखं झालं. त्यांनी कॉन्सर्टिना खाली ठेवली, माईक जवळ घेतला आणि खरं काय ते सांगायला तोंड उघडलं.

पण "श्श!" असा आवाज झाला. पहिल्या रांगेतून झाला, मधून झाला, दारात उभ्या असलेल्यांतूनही झाला. बाईला कळत नाही, तिला बसवा, असं दोघेतिघे ओरडले, आणि मास्तरांचं बोलणं त्यात बुडून गेलं. त्यात कार्यालयाची माणसं फारशी नव्हती. सगळ्यांत मोठ्याने 'श्श' करणारे होते ते तुमच्या-माझ्यासारखे, सुरातलं थोडंफार कळणारे रसिक. त्यांनी 'अतिउत्तम'वर आधीच खूण केली होती.