बिनकाट्याच्या रिंगणीचा सत्कार

कोणतीही वनस्पती दुर्मीळ आहे असं जाहीर होईपर्यंत तिच्या जिवाला धोका नसतो.

१९९६ साली इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यातल्या एका बेटावर (धरणाआधी ती साधी टेकडी होती, बढती कशी मिळाली ते तिलाही ठाऊक नाही) नववीतल्या मेघनाला भुईरिंगणी दिसली. बांधाबांधावर रिंगणी पायलीला पन्नास. पण हिला पानावर, देठावर कुठंच काटा नव्हता. बारामतीचे प्राध्यापक नावेतून येऊन बघून गेले.

"इथं शेळ्या पोचत नाहीत. खाणारं कुणी नसलं, की झाड हळूहळू काट्यांचे कष्ट सोडून देतं. पण त्याला पिढ्यानपिढ्या लागतात. इतक्या लवकर कसं झालं, ते कळायला ही झाडं इथंच राहायला हवीत."

झाडं होती बारा.

गावानं तातडीनं संवर्धन समिती नेमली. अध्यक्ष सोपानराव. समितीनं पहिल्याच बैठकीत चहा घेतला आणि उद्घाटन ठरवलं. हार-तुरे पर्यावरणाच्या विरोधात, म्हणून पाहुण्यांना रोप द्यायचं. कार्यक्रम रिंगणीचा आणि हातात अशोक, हे शोभेना. शिवाय रिंगणीला काटा नसल्यानं पाहुण्यांना टोचायची भीती नाही. (उत्क्रांतीचा हा फायदा प्राध्यापकांच्या ध्यानात आला नव्हता.)

मेघना मांडवात धावत आली. "आबा, एक तरी जाग्याव ऱ्हाऊ द्या की."

"ठेवलंय बाय एक. आमाला काय कळत न्हाय व्हय?" सोपानराव म्हणाले. मेघनाचा जीव भांड्यात पडला.

सत्कार झाले. साहेब, साहेबांचे साहेब, माईकवाले, शिवाय दुसऱ्या गावच्या लग्नाला निघालेले आणि मांडव बघून आत शिरलेले एक गृहस्थ. अकरा रोपं गेली. मग माईकवर मेघनाचं नाव पुकारलं. सोपानरावांनी तिच्या हातात प्लॅस्टिकचा पेला दिला.

"आबा, हे कुठलं?"

"राखून ठेवल्यालं. शोध तुजा, मग मान बी तुजाच."

टाळ्या थांबायच्या आत ती नावेत बसली. बेटावर जाऊन तिनं रोप पुन्हा मातीत लावलं, ओंजळीनं पाणी घातलं. पण पेल्यात मावावं म्हणून समितीनं मुळं छाटली होती. आठवडाभरात त्याची काडी झाली.

हे वाचून आपल्यालाही हळहळ वाटली असेल, तर नाव-पत्ता कळवावा. समिती हळहळणाऱ्यांचाही सत्कार करते, आणि बेटावर अजून बरंच काही उगवतंय.