भाऊजींचा मोबाइलवरचा फळा

आमच्या भाऊजींना वेळ विचारायची सोय नाही. "किती वाजले?" म्हटलं की मनगटावरचं घड्याळ झाकून घेतात. "तुले काय वाटते? अंदाज सांग पह्यले." परवा दिग्रसच्या स्टँडवर मी यवतमाळच्या गाडीची वेळ विचारली, तर म्हणाले, "पुसदहून कधी निघाली असन, किती वेगानं, मांड बरं." मी मांडत बसलो. गाडी समोरून निघून गेली. "उत्तर चुकलं तुह्यं," भाऊजी शांतपणे म्हणाले, "पण रस्ता बरोबर होता."

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. दिग्रसजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत गणित शिकवतात. गेल्या वर्षी त्यांना मोबाइलवरचा फळा सापडला. लिंक पाठवायची, जो उघडेल त्याला त्याच फळ्यावर लिहिता येतं, प्रत्येकाचा रंग वेगळा.

प्रयोग अर्थात आमच्यावर झाला. यंदा भाऊबीजेला ओवाळून झालं आणि ताटाच्या आधी लिंक आली. एक टाकी, दोन नळ, किती वेळात भरेल? मी पडलो बीकॉम, त्यात चष्मा घरी राहिलेला. माझ्या लाल ओळीप्रमाणे टाकी भरायची सोडून रिकामी व्हायला लागली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईची हिरवी ओळ उमटली : "नळ कोणत्या दिवशी येते ते सांगा पह्यले." आम्ही यवतमाळकरांनी तिला एकमतानं पास केलं. भाऊजींनी मात्र तिचे मार्क कापले.

ही सगळी तालीम होती, हे नंतर कळलं. दिवाळी झाली की तांड्यावरची बरीच घरं ऊसतोडीला जातात, सोबत पोरंही जातात. उन्हाळ्यात परततात ती गणित विसरून, आणि काही तर शाळेकडे फिरकतच नाहीत. यंदा सहावीतली पायल गेली. वर्गातली सगळ्यात भांडकुदळ पोरगी. भाऊजींच्या मते गणिताला तेवढंच लागतं. तिच्या बापाचा मोबाइल संध्याकाळी तिच्या हाती यायचा, तेव्हा वर्गानं अर्धं सोडलेलं गणित ती तिकडून निळ्या रंगात पुरं करायची. "हे पोरगी सुटली तर मी कायचा मास्तर," असं ते ताईला म्हणाले होते.

डिसेंबरात मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो. बाक माझ्या मापाचा नव्हता, गणितही नव्हतं. भिंतीवरच्या टीव्हीवर तोच फळा. वीस लिटरची कॅन, तीन चतुर्थांश पाणी वापरलं, किती उरलं? पोरांनी दोन ओळी मांडल्या आणि थांबली.

"खालची जागा कोणाची?" भाऊजी.

"पायलची."

"सर, ते सोमवारपासून लिहूनच नाही राह्यली," एक मुलगी कुरकुरली. "आमीच लिहितो न."

"एसटीत रुमाल टाकून जागा धरता का नाही? तशीच धरा."

संध्याकाळी भाऊजी ओसरीवर बसले, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून. मी मुलीच्या लग्नाचं बोलत होतो, ते फळ्याकडे पाहून हं हं करत होते.

"जेवून घ्या, भाकर थंडी होऊन राह्यली," ताई आतून म्हणाली.

"हो."

"हो म्हणून किती वेळ झाला?"

यावर त्यांनी अंदाज विचारला नाही, तेव्हा मला जरा काळजी वाटली.

तेवढ्यात फळ्याच्या तळाशी एक निळी रेघ वळवळली. थांबली. पुन्हा वळवळली. '१५ लिटर उरले.' आणि खाली ठसठशीत रेघ.

"भाऊजी, हे तर वापरलेलं पाणी. उरलं पाच," मी म्हणालो आणि बोट पुढे केलं. एवढं मलाही येत होतं, ते दाखवायची संधी सोडवेना.

त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. सकाळी पोरं पाह्यतीन. भांडतीन तिच्याशी." मग मोबाइल तांब्याला नीट टेकवला. "मंग उत्तर द्याले यावंच लागन न तिले."

आत ताईनं भाकर पुन्हा तव्यावर टाकली.