रामटेकेभाऊंची टोपली

रामटेकेभाऊंच्या घरात कचरा आठ दिवस मुक्कामाला असतो. अंगणात एक निळा ड्रम आहे. आटलेलं पेन, फाटलेलं पाकीट, काडी तुटलेला चष्मा, सगळं आधी त्यात जातं आणि आठवडा काढूनच घंटागाडीत चढतं. "मानूस रागात फेकते अन् शांत झाल्यावर शोधते," असं त्यांचं म्हणणं. एकदा मटाराच्या सालींतून चौथ्या दिवशी त्यांची कवळी निघाली. तेव्हापासून त्यांच्या बायकोनं, कुसुमबाईंनी, वाद घालणं सोडून दिलं.

भाऊ ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि आमच्या गल्लीत राहायला आले. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्यांच्या घराला लागूनच. त्यामुळे माझ्या भंगाराच्या पेटीवरही त्यांची नजर. "काऊन बे सलीम, या वायरनं तुयं काय बिघडवलं?"

त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर भाऊ सगळ्या कुंड्यांना पाणी घालून येत. शेवटी तो अधूनमधून बंदच पडू लागला, तेव्हा नवा घेतला. पण अट घातली.

"जुनं सारं नव्यात जसंच्या तसं पाह्यजे. थेच सिस्टम, थेच चित्रं, अन् चित्रंबी त्याच जागी. जुनी डिस्क आठ दिवस बाजूले ठेव. हात नको लावू."

"हो भाऊ," म्हणालो आणि मनात हसलो.

जुन्या डिस्कवरचं सगळं, सिस्टमसकट, नव्या डिस्कवर उतरवायचं होतं. त्याआधी मी साफसफाई करतो, हाताची सवयच आहे. डिलीट केलेल्या फायली ज्या टोपलीत पडून राहतात, ती रिकामी केली. कचरा कशाला नव्या घरी न्यायचा? दुसऱ्या दिवशी गडचांदूरच्या एका गिऱ्हाइकाचा डेटा दोन तास कुठेतरी ठेवायचा होता. भाऊंची जुनी डिस्क समोर होती. पुसली आणि काठोकाठ भरली.

तिसऱ्या दिवशी नवा कॉम्प्युटर त्यांच्या घरी मांडला. बटण दाबून भाऊ झारी घेऊन निघाले आणि दारातूनच परत आले, कारण तो सुरूही झाला होता. मी कौतुकाची वाट पाहत होतो. त्यांची नजर मात्र पडद्याच्या कोपऱ्यात गेली.

"सलीम, टोपली रिकामी काऊन दिसून राह्यली?"

"साफ केली भाऊ. कचराच होता."

"अन् जुनी डिस्क?"

तेही सांगितलं. भाऊ उठून अंगणात गेले.

मग कुसुमबाई बोलल्या. "प्रशिकचे फोटो होते त्याच्यात."

त्यांचा मुलगा प्रशिक वीज केंद्रातली नोकरी सोडून एटापल्लीच्या आश्रमशाळेत शिकवायला गेला, तेव्हा भाऊंनी संतापून त्याचे लहानपणापासूनचे सगळे फोटो डिलीट केले होते. चार वर्षं बापलेकाचं बोलणं नाही. टोपलीतून फोटो परत काढले तर ती हार झाली असती. म्हणून भाऊ रोज सकाळी टोपलीच उघडून बसत. तिथे फोटो मोठे होत नाहीत, नखाएवढे दिसतात. तेवढेच पाहत.

मी दोन दिवस त्या डिस्कशी झगडलो. काहीच निघालं नाही. लोकांच्या फायली माझ्या हातून याआधीही गेल्यात, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती. माणसानं आठ दिवस मागितले होते आणि मी ते थट्टेवारी नेले.

सांगायला गेलो तेव्हा भाऊ ड्रमपाशी उभे होते. "माफ करा भाऊ," म्हणालो. ते बराच वेळ ड्रमचं झाकण पुसत राहिले.

"प्रशिकजवळ असंल का रे एखांदा फोटो?"

"फोन लावू?"

"लाव."

नंबर कुसुमबाईंना विचारायला वळलो, तर भाऊंनीच तो तोंडपाठ सांगितला. रिंग वाजू लागली तसा त्यांनी माझा हात धरला.

"बाबा मांगून राह्यले म्हून सांग," ते हळूच म्हणाले. "पन कुठी ठेवले होते, थे नको सांगजो."