थोडक्यात राहिलेली जीप

पोलादपूरच्या एष्टी स्टँडवर दर सोमवारी एक माणूस गळ्यात मोटारीचं स्टेअरिंग अडकवून उतरायचा. नुसतं स्टेअरिंग. खाकी अर्धी चड्डी, वर धुतलेला सदरा, पायात टायरच्या वहाणा आणि गळ्यात हाराच्या जागी ते काळं गोल चाक. कंडक्टर नवखा असला तर लगेजचं तिकीट फाडायचा. जुना असला तर विचारायचा, "काय तात्या, आज एष्टीनं? गाडी कुठाय?"

"गाडी वर हाय. कोन नेईल म्हनून चाक काढून आनलं."

हे ते अगदी गंभीरपणे सांगायचे. गाडी कोणी नेण्याचा प्रश्नच नव्हता. तिला टायर नव्हते, बॅटरी नव्हती आणि ती जिथे उभी होती त्या वाडीला रस्ता नव्हता. चोराला ती खांद्यावरूनच खाली आणावी लागली असती. पण तात्या सकपाळांना हे सांगण्यात अर्थ नव्हता. "चालू व्हायला थोडक्यात राहिलीय, भाऊसाहेब," ते मला म्हणायचे. "येकदा चालू झाली की चोर काय पायलीचे पन्नास."

त्यांच्या जगात सगळंच थोडक्यात राहिलेलं असायचं. गुडघ्याइतक्या उंचीवर थांबलेली विहिरीची भिंत थोडक्यात राहिली होती. चौथीत तीनदा नापास झालेल्या पुतण्याचं शिक्षण थोडक्यात राहिलं होतं. आणि खालच्या डांबरी रस्त्यापासून त्यांच्या वाडीपर्यंतचा अडीच तासांचा चढ, जिथे सरकारने अजून कुदळ मारली नव्हती, तो रस्तासुद्धा थोडक्यात राहिला होता.

मी तेव्हा पोलादपूरला रस्त्यांच्या कचेरीत कारकून होतो. ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार असेल. मी मूळचा महाडचा, म्हणजे सपाटीवरचा माणूस. डोंगर लांबून बघावा, त्याच्या वाटेला जाऊ नये, अशा मताचा. माझं काम रस्त्यांचे अर्ज नोंदवून फायलीला लावायचं. अर्जांत काय लिहिलंय ते वाचायची मला कधी गरज भासली नव्हती. सगळ्यांत तेच असायचं.

तात्यांची वाडी कुडपण गावाच्या अंगाला, डोंगरावरच्या पठारावर. कधीकाळी एका लाकडाच्या ठेकेदाराने जंगलतोडीसाठी तिथवर कच्ची वाट काढली आणि लष्कराच्या लिलावातली एक जीप वर चढवली. तात्या त्याच्याकडे राखणदार होते. दोन पावसाळ्यांत वाट वाहून गेली, ठेकेदाराचं कामही आटोपलं आणि जीप वरच अडकली. "सांभाळ तात्या, आता तुझीच समज," असं म्हणून ठेकेदार जो गेला तो गेलाच. तात्यांनी ते वाक्य जसंच्या तसं घेतलं. गाडी चालवायला ते कधी शिकले नव्हते. तरी उभ्या जीपमध्ये बसून त्यांनी गिअर बदलायची इतकी सवय केली होती, की बोलता बोलतासुद्धा त्यांचा डावा हात मधूनच पुढे-मागे व्हायचा.

स्टेअरिंगची सुरुवात मात्र आमच्या कचेरीत झाली. तात्या रस्त्याचा अर्ज घेऊन साहेबांसमोर उभे होते.

"सायब, आमच्या वाडीत मानसानं आजारी पडावं ते शिमग्याला, नायतर गनपतीत. तवा मुंबईची पोरं घरी असतात. येरवी डोली उचलायला चार खांदे मिलत नाय."

साहेबांच्या डोक्याला त्या दिवशी दुसराच काही ताप होता. ते म्हणाले, "अहो, रस्ता रस्ता काय करता? वाडीत एखादी गाडी तरी आहे का? रस्त्यावरून चालवणार काय, शेळ्या?"

तात्या निघून गेले. पुढच्या सोमवारी आले आणि त्यांनी साहेबांच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध, स्टेअरिंग ठेवलं. "ही बगा. गाडी हाय."

साहेब चाट पडले. मग सुटका करून घ्यायला म्हणाले, "बरं, पण चालू स्थितीत आहे का? एखाद्या मिस्त्रीचा तसा दाखला आणा, मग बघू." साहेबांनी हे वाक्य टाळण्यासाठी टाकलं होतं. तात्यांनी तोच सरकारी नियम मानला. रस्ता नाही म्हणून गाडी नाही, असं आपण म्हणतो. तात्यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. गाडी चालत नाय म्हनून रस्ता नाय. गाडी चालू केली की सरकारला रस्ता द्यावाच लागेल. दोन वर्षं, दर सोमवारी, ते हे मला समजावून सांगत होते. शेवटी साहेबच कंटाळले आणि मला म्हणाले, "जा बाबा, एकदा मिस्त्री घेऊन वर जा. ती गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे की नाही, काय ते लिहून टाक. म्हणजे फाईल तरी मिटेल."

महाडला हायवेवर इस्माईल मिस्त्रीचं गॅरेज होतं. औद्योगिक वसाहतीतल्या ट्रकांवर त्याचा हात बसलेला. माणूस एकदम कमी बोलणारा. शुक्रवारी तो गॅरेज बंद ठेवायचा, म्हणून शुक्रवार ठरला. आंबेनळी घाटातल्या एका वळणावर आम्ही एष्टीतून उतरलो. तात्या आमची वाटच बघत उभे होते, अर्थात गळ्यात चाक घालून.

तो चढ मी जन्मात विसरणार नाही. मला धाप लागलेली, इस्माईलच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी, आणि तात्या पुढे चालत आम्हाला त्यांच्या डोळ्यांना दिसणारा रस्ता दाखवत होते. "हितं वलन हाय. हॉर्न द्यायचा." आणि तोंडाने 'पों' करायचे. एकेका वळणावर हात बाहेर काढून इशारा करायचे. त्या पायवाटेवर आमच्याशिवाय फक्त दोन शेळ्या होत्या, पण तात्यांनी त्यांनाही रीतसर बाजू दिली. मी मनातल्या मनात साहेबांना, तात्यांना आणि जीपचा शोध लावणाऱ्याला शिव्या घालत वर पोहोचलो.

वाडी वीस-बावीस घरांची. निम्म्या दारांना कुलपं. बाकी घरांत बायका, म्हातारी माणसं आणि शेळ्या. जीपला तात्यांनी स्वतंत्र छप्पर केलं होतं. त्यांच्या घरावरचं गवत काळं पडलेलं, जीपच्या छपरावरचं मात्र यंदाचं, नवं. चार दगडांवर ती बसली होती. मागच्या सीटच्या जागी एक कोंबडी अंड्यांवर होती. तात्यांनी तिला उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "बगा मिस्त्री. थोडक्यात राहिलंय."

इस्माईलने तासभर बघितलं. पान्याने इथे ठोक, तिथे ठोक. मी आत पाय ठेवला तर तळाचा पत्रा पापडासारखा मोडला. इस्माईलने घासलेट ओतून, वाट बघून हँडल मारलं. हँडल तसूभर हललं नाही. दोघांनी मिळून मारलं, तरी नाही. मग तो जीपखाली आडवा झाला आणि स्क्रू-ड्रायव्हरने सांगाडा खरवडत राहिला. बाहेर आला तेव्हा तात्या त्याच्या तोंडाकडे असे बघत होते, जसा डॉक्टरकडे माणूस बघतो.

"इंजिन गेलं," इस्माईल म्हणाला. "जाम झालंय. दुसरं बसवायचं तर ते वर आणायला आठ माणसं लागतील, अन् एवढं करून गाडी खाली उतरणार नाय. तात्या, यात जीव घालू नका."

मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. फाईल मिटली. तात्यांनी विचारलं, "चाकं फिरतील?"

"फिरतील. बेअरिंग साफ करावी लागतील."

"बिरेक?"

"लागेल."

"मग झालं की!" तात्या उठलेच. "थोडक्यात राहिलंय."

माझं डोकं फिरलं. "अहो तात्या, इंजिन नाही म्हणजे गाडी नाही. दाखला मिळणार नाही. रस्ता मिळणार नाही. मग चाकं फिरवून करता काय?"

"रस्त्याचं ऱ्हाऊ दे, भाऊसाहेब. चला, च्या घ्या."

ज्या रस्त्यासाठी या माणसाने दोन वर्षं माझे सोमवार खाल्ले, तो रस्ता त्याने एका वाक्यात बाजूला ठेवला. मी तणतणतच त्यांच्या घरात शिरलो.

आत भिंतीशी, खिडकीजवळ, काकी बसल्या होत्या. तात्यांची बायको. त्यांनी बसल्या जागेवरून स्टोव्हवर चहा केला, बसल्या जागेवरूनच कप पुढे केले. आठ वर्षांपूर्वी गवताचा भारा घेऊन उतरताना त्या कड्यावरून घसरल्या होत्या. कमरेखाली जीव उरला नव्हता. वर्षातून दोनदा, मुंबईची पोरं आली की, डोलीतून पोलादपूरच्या दवाखान्यात. बाकी वर्षभर हीच खिडकी. हे सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं, भाताचा भाव सांगावा तसं. तात्या मान खाली घालून बशीत चहा ओतत होते. दोन वर्षांत त्यांनी मला यातला एक शब्द सांगितला नव्हता.

"ती कौलं दिसतात ना, मालाच्या त्या टोकाला?" काकींनी खिडकीतून बोट दाखवलं. "ते माजं म्हायेर. भाऊ हाय, वैनी हाय. आठ वर्सं झाली, उंबऱ्याला पाय नाय लागला."

मधे सगळा सपाट माळ. पाऊण मैल असेल नसेल. मी शहाण्यासारखं बोललो, "मग डोलीतून जायचं की काकी. एवढ्याशा अंतराला दोन बायकासुद्धा उचलतील."

"डोलीत?" काकी माझ्याकडे बघून हसल्या. "डोलीत बसलं की वाटंत धा जनी इचारतात, काय झालं गो? दारात पोचायच्या आधी रडारड. डोलीतनं गेलेली निम्मी मानसं परत आलेली नायत, भाऊसाहेब. भावाकडं मी रडाया जाव? मला पाव्हनी म्हनून जायचंय."

डोलीतून माणूस दवाखान्यात जातो. गाडीतून माणूस पाहुणा जातो. एवढा साधा फरक होता, आणि तो माझ्या एकाही फायलीत नव्हता. मला एकदम स्वतःची लाज वाटली. इस्माईल कप खाली ठेवून उठला आणि बाहेर जाऊन त्याने बेअरिंग खोलायला घेतली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

साहेबांना मी खरा अहवाल दिला. इंजिन निकामी, वाहन दुरुस्तीयोग्य नाही. फाईल मिटली. पण तात्यांचे सोमवार चालू राहिले. येताना गळ्यात स्टेअरिंग, जाताना डोक्यावर इस्माईलने बाजूला काढून ठेवलेला एक जुना टायर. असे चार सोमवार. इस्माईल आणखी तीन शुक्रवार वर गेला. इंजिन काढून टाकलं, तेवढंच ओझं कमी. तळाला फळ्या ठोकल्या. मी प्रत्येक वेळी 'पाहणी' म्हणून बरोबर गेलो. चढ तेवढाच राहिला, पण माझ्या शिव्या कमी झाल्या.

माघातल्या एका शुक्रवारी सकाळी गाडी निघाली. मी म्हटलं, "पुढे बैल जुंपू या का? नांगराचे आहेत ना कोणाचे?"

"गाडीला बैल?" तात्या भडकले. "लोक हसतील!"

तेव्हा बैल नकोत. ढकलायला वाडीतल्या सात बायका, इस्माईल आणि मी. काकींनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. तात्यांनी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पडू नये म्हणून दोरी बांधली, आणि ती दोरी दिसू नये म्हणून तिच्यावर पदर ओढला. मग फेरी मारून आपल्या जागी बसले, उजवा हात बाहेर काढून इशारा केला, आणि आम्ही जोर लावला.

माळावर मधेच एक उतार आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे गाडी आमच्या हातातून सुटली आणि आपली आपण पळायला लागली. बायका ओरडत मागे धावल्या. तात्यांनी ब्रेकवर पाय टाकला असावा, कारण काकींचा आवाज आला, "दाबू नका! अवो, दाबू नका!" तीस-चाळीस पावलं ती जीप कोणाच्याही हाताशिवाय गेली. काकींचा पदर डोक्यावरून उडाला होता आणि त्या तो सावरत नव्हत्या.

मग पुन्हा ढकलत ढकलत आम्ही त्या कौलारू घरासमोर आलो. आवाज ऐकून काकींची वहिनी हाताला पीठ लागलेलं तसंच घेऊन अंगणात आली. जीप बघितली, जीपमधली नणंद बघितली, आणि तिचं तोंड काहीतरी विचारायला उघडलं.

काकींनी तिला विचारूच दिलं नाही. सीटवर मागे टेकत त्या म्हणाल्या, "काय गो वैनी, बरी हायस ना? हिकडनंच चाललो होतो. म्हटलं, बगून जावं."

आम्ही नऊ जण मागे घामाघूम होऊन धापा टाकत होतो, ते तिला दिसत होतंच. तिने हात पदराला पुसले.

"या वन्सं," ती म्हणाली. "आता जेवल्याबिगर जायचं नाय."

"छे गो. घाईत हाव."

एवढ्यात तात्या खाली उतरले. कोणाकडेही न बघता गाडीच्या पुढे गेले आणि, गाडी बिघडावी तसं, बॉनेट वर करून त्यांनी आत डोकं घातलं. इस्माईल काय झालं म्हणून पुढे निघाला, तसा मी त्याचा हात धरला. आत बघण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तात्या बराच वेळ तसेच उभे होते, आणि आम्ही कोणीही त्यांना हाक मारली नाही.