मुरलेल्या नळाची हकीकत

श्री. ज्याचे हाती पाना शोभतो त्यास नमन, आणि ज्याचे हाती तो शोभत नाही परंतु सुटतही नाही त्यास दोन वेळा नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मास मार्गशीर्ष, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. विस्तार म्हणाल तर तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पश्चिमेस बाल्कनीचा मुलूख, जेथे कपडे वाळत घालितात. राज्यावर श्रीमंत उल्हासराव. पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत शिक्के मारून तीन सालांमागे निवृत्त जाहले, आणि मग स्वस्थ बसवेना म्हणोन घरातील मोडतोडीचे पारिपत्य स्वहस्ते करावे ऐसा निश्चय केला. त्यांच्या पट्टराणी मृणालिनीबाई. त्या निश्चयावर त्या "बरं" इतकेच बोलिल्या.

मोहिमेचा रिवाज ऐसा की, शनिवारी दुपारची जेवणे उरकली की उल्हासरावांनी हत्यारांची पिशवी बाहेर काढावी, आणि पाने, पकडी, चिकटपट्टी, तीन स्क्रू ड्रायव्हर ज्यांपैकी एकास मूठ नाही, ऐसा सरंजाम फरशीवर मांडावा, आणि मग मोडलेल्या वस्तूवर चालोन जावे. संध्याकाळपर्यंत तुंबळ व्हावे. संध्याकाळी वस्तू सकाळी होती त्याहून किंचित अधिक मोडलेली असावी, आणि मग उल्हासरावांनी हात धुवोन "आता हे रात्रभर राहू दे" ऐसे फर्मावावे. रविवारी सात वाजता त्यांनी निळ्या सायकलीवर स्वार होवोन तलावाकडे कूच करावे, जाणे नऊ किलोमीटर, येणे नऊ, मध्ये टपरीवर चहाचा मुक्काम, आणि साडेदहास परत येवोन पाहावे तो वस्तू बिनतक्रार चालत असावी. ऐसे एकदा नव्हे, सलग तीन वर्षे जाहले. न्हाणीघराची कडी, मिक्सरचे भांडे, इस्त्रीची वायर, कपड्यांच्या दोरीची कप्पी, सर्व रविवारीच वठणीवर आली. यावरून उल्हासरावांनी सिद्धान्त काढिला की दुरुस्ती लोणच्यासारखी असते, ती लगेच लागत नाही, मुरावी लागते. हा सिद्धान्त त्यांनी समोरच्या संस्थानाचे अधिपती बिवलकर यांस जिन्यात उभे राहोन समजाविला, आणि बिवलकरांनी विश्वास ठेवोन आपल्या गळक्या नळावर दोरा बांधून आठ दिवस वाट पाहिली, आणि नवव्या दिवशी पाणी खालच्या मजल्याच्या छतातून उतरले. तेव्हापासून बिवलकर जिन्यात भेटले तरी बोलत ना. उल्हासरावांनी यातून इतकाच बोध घेतला की नुसते मुरवून चालत नाही, हाताला गुण लागतो. हा गुण म्हणजेच त्यांचे राज्य. कचेरीतील खुर्ची गेली, शिक्का गेला, लेक परमुलखी नांदावयास गेली, आता रविवारी साडेदहास काहीतरी नीट चालू करणारा पुरुष एवढीच पदवी उरली होती, आणि ती त्यांस कचेरीतील पदवीहून प्यारी होती.

मार्गशीर्षात बुधवारपासून स्वयंपाकघराच्या नळाने उपद्रव मांडिला. थेंबामागे थेंब, रात्रंदिवस. शनिवारी उल्हासरावांनी मोर्चा लाविला. नळ उघडला, आतला वायसर झिजला आहे ऐसे निदान केले, आणि नवा आणावयास खाली कोण जातो म्हणोन जुन्या रबरी चपलेच्या टाचेतून एक गोल तुकडा कातरून तोच बसविला, आणि पाना फिरविला, आणखी फिरविला, आणि मग जेथे थांबावयाचे त्याच्या पुढेही फिरविला. थेंब गेला आणि धार आली. धार बारीक होती हे खरे. उल्हासरावांनी नळाच्या तोंडास सुतळी बांधून ती खाली मोरीपर्यंत सोडली, जेणेकरोन पाणी सुतळीवरून गुपचूप उतरावे, आणि आवाज बंद जाहला तेव्हा निम्मी फत्ते जाहली ऐसे समजून हात पुसले. "सकाळपर्यंत मुरेल," म्हणाले. बाईसाहेबांनी सुतळीकडे पाहिले, आणि भांडी घासावयास न्हाणीघरात नेली.

रविवारी सात वाजता खासा स्वारी निघाली. थंडी बरी होती, रस्त्यास वर्दळ नव्हती, उसाचा एक ट्रॅक्टर तेवढा डुलत पुढे चालला होता. अर्धा कोस गेले नाहीत तो मागले चाक मऊ पडले, आणि मग पाहता पाहता बसले. उल्हासराव उतरले. पंक्चर हे नाक्यावरच्या दुकानदाराचे काम, खाशांनी त्यात हात घालू नये, ऐसा त्यांचा आजवरचा कायदा, परंतु नाक्यावरचे दुकान नऊच्या आत उघडत नाही. खोगिराखालच्या थैलीत पंक्चरची डबी होती, सायकलीबरोबर आलेली, कधी न उघडलेली. बादली आणि पंप घरी. म्हणोन सायकल हाती धरून चालत माघारी आले, ती खाली भिंतीस टेकविली, आणि तीन मजले चढोन वर गेले. दार नुसते लोटलेले होते. दाराबाहेर चपलांचा एक अनोळखी जोड, त्यावर पांढऱ्या सिमेंटाचे शिंतोडे. आत रेडिओ मोठ्याने लागला होता, जो उल्हासराव घरी असता कधी मोठ्याने लागत नसे. आणि स्वयंपाकघरातून आवाज आला तो नाक्यावरच्या सोपान मिस्त्रीचा, जो नळापासून इस्त्रीपर्यंत सगळी कामे करीत असे. उल्हासराव दारातच थबकले.

"ताई, हा वायसर चपलेचा आहे," सोपान म्हणत होता.

"माहीत आहे. माझीच चप्पल होती."

मग पाना भांड्यावर ठेविल्याचा आवाज आला. सोपान म्हणाला, "एक सांगू का? तुम्ही साहेबांना एकदा सांगूनच टाका. तीन वर्षं मी दर रविवारी चोरासारखा येतोय. हात वाईट नाही हो त्यांचा. पण मधेच उठतात. सुकायचं ते सुकू देत नाहीत, आत काय झालंय ते बघत नाहीत, आवळलं की चालले."

"सांगायचं नाही," बाईसाहेब बोलिल्या. "चुकूनसुद्धा नाही. रिटायर झाले तेव्हा पहिले दोन महिने काही दुरुस्त करत नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, जिरं आधी का मोहरी आधी, आणि हिंग तू मोजून का घालत नाहीस. त्यापेक्षा नळ फुटलेला परवडला. आणि तू एकदा बघ त्यांना साडेदहाला. आल्या आल्या नळ फिरवतात, आणि पाणी थांबलं की असे बघतात माझ्याकडे, जसं काही धरणच बांधलंय. ते मी घालवू कशाला? चहात आलं चालेल ना तुला?"

उल्हासरावांस क्षणभर वाटले आत शिरावे. मग वाटले खोकावे. मग पायांनीच मसलत केली आणि ते आवाज न करिता एक एक पायरी खाली उतरले, आणि कडी, मिक्सर, इस्त्री, कप्पी ऐसे तीन वर्षांचे सगळे किल्ले एका जिन्यात त्यांच्या हातून गेले. दुसऱ्या मजल्यावर बिवलकर दुधाची पिशवी घेवोन वर चढत होते. ते नेहमीप्रमाणे बोलले नाहीत, आणि आज उल्हासरावांस त्याचे बरे वाटले.

खाली येवोन घड्याळ पाहिले तो आठास दहा कमी. साडेदहापर्यंत वर जाता येत नव्हते. सायकल चालत नव्हती. ऐसा प्रसंग थोर थोर सरदारांवरही आला असेल, परंतु त्यांच्याजवळ निदान घोडा असे. मग उल्हासरावांनी चौकीदार भागवत यांजकडे बादलीभर पाणी मागितले, पंप आणि पाना मागितला, आणि वाहनतळाच्या कोपऱ्यात सायकल उलटी करोन चाक काढिले, आणि ती न उघडलेली डबी उघडली. घाई करावयास कारणच नव्हते, वेळ डोंगराएवढा पडला होता, म्हणोन त्यांनी आयुष्यात प्रथम सावकाश काम केले. ट्यूब बाहेर काढिली, हवा भरली, पाण्यात बुडवून बोटाबोटाने पुढे सरकविली, आणि बुडबुडे आले तेथे पेनाने खूण केली. एरवी येथेच ठिगळ चिकटवून मोकळे जाहले असते. परंतु "आत काय झालंय ते बघत नाहीत" हे शब्द कानात होते, म्हणोन टायरच्या आतून बोट फिरविले, तो बाभळीचा काटा तसाच टोक वर करोन बसला होता. तो काढिला. मग पॉलिशपेपराने घासले, सोल्यूशन लाविले, आणि सुकू दिले. पाच मिनिटे नुसते ट्यूबकडे पाहात बसले. भागवत चौकीदार येवोन म्हणाला, "साहेब, लावा की आता." उल्हासराव म्हणाले, "सुकू दे." मग ठिगळ लाविले, अंगठ्याने दाबून शंभर अंक मोजिले, चाक बसविले, हवा भरली. आणि मग ही एक गोष्ट ध्यानी आली की या ठिगळावर मागाहून कोणी सोपान येणार नाही. टिकले तर आपले, गळले तर आपले.

साडेआठास पुन्हा कूच केले. पहिला कोस तर चाकाकडे पाहातच गेला. दर पुलावर, दर वळणावर उतरून अंगठ्याने टायर दाबोन पाहिला, आणि एका ठिकाणी तर कान लावोन ऐकिले, तेव्हा शेतातल्या माणसाने बैल थांबवून विचारले, काही हरवले का. चाक टणक होते. तलावापर्यंत टणक होते. तलावावर धुके उठत होते, चार बगळे पाण्याच्या कडेस उभे होते, आणि टपरीवाल्याने नित्याप्रमाणे चहा पुढे केला. उल्हासरावांस कोणास तरी सांगणे अवश्य जाहले.

"आज पंक्चर काढलं," ते म्हणाले.

"कोणी?"

"मी."

"हां," टपरीवाला म्हणाला, आणि दूध उतू जात होते म्हणोन तिकडे वळला. एवढाच दरबार भरला. परंतु चहा त्या दिवशी निराळा लागला, आणि परतीच्या चढावर त्यांनी सायकल एकदाही हाती धरली नाही.

साडेदहास पाच मिनिटे असता घरी पोचले. चपलांचा जोड नव्हता, रेडिओ बंद होता, तव्यावर घावन होते. बाईसाहेब म्हणाल्या, "बघा तुमचा नळ. टिपूस नाही." उल्हासरावांनी नळ उघडला, बंद केला. आत नवा वायसर बसला आहे हे त्यांस ठावे, सुतळी कोणी काढिली हेही ठावे. बाईसाहेब हातात उलथने धरून त्यांच्या तोंडाकडे पाहात होत्या, आणि त्यांस काय पाहावयाचे आहे हेही आता ठावे होते. मग उल्हासरावांनी मान किंचित मागे नेली, छाती थोडी पुढे केली, आणि धरण बांधणाऱ्या पुरुषाप्रमाणे त्यांजकडे पाहिले. पदरचे सोंग होते, तरी करिता करिता अर्धे खरे जाहले.

"मुरला," म्हणाले.

"हात का काळे एवढे?"

"चेन पडली होती."

बाईसाहेबांनी हाताकडे दोन वेळा पाहिले, आणि तेल व साखर पुढे केली की चोळून धुवा, आणि मग नारळाच्या चटणीसह चार घावन वाढिले. उल्हासरावांनी आणखी दोन मागितले. हिंगाविषयी काही विचारिले नाही.

पुढील शनिवारी संडासाच्या फ्लशचा प्रसंग आला. उल्हासरावांनी रिवाजाप्रमाणे सरंजाम मांडिला, झाकण काढिले, आत पाहिले, बराच वेळ पाहिले, एक दांडी वाकवून सरळ केली, आणि झाकण पुन्हा लाविले. गळती थांबली नाही, परंतु वाढलीही नाही, हे या राज्यात प्रथमच घडत होते. मग बाहेर येवोन बाईसाहेब मटार सोलीत होत्या तेथे बसले, आणि स्वतःही एक मूठ शेंगा ओढोन घेतल्या.

"उद्या जरा लांब जाईन म्हणतो," उल्हासराव म्हणाले. "तलावाच्या पलीकडच्या अंगाला. यायला अकरा वाजतील."

"अकरा? कशाला?"

"फ्लशचं काम मोठं आहे."

बाईसाहेबांच्या हातातील शेंग हातातच राहिली. घरात फ्लशचे पाणी वाहात होते त्याचा आवाज येत होता. उल्हासराव शेंगांकडेच पाहात होते. मग बाईसाहेबांनी शेंग फोडली, दाणे पातेल्यात टाकिले, आणि दुसरी घेतली.

"साडेअकरा करा," त्या म्हणाल्या. "अकरापर्यंत नाही व्हायचं त्याच्यानं."

येणेंप्रमाणे मटारांच्या साक्षीने तह जाहला. कागद जाहला नाही, कारण उभय पक्षांनी काही बोलणे जाहले हेच कबूल केले नाही. शनिवार उल्हासरावांकडे, पाणी सोपानाकडे, रविवारची सकाळ व रेडिओ बाईसाहेबांकडे, आणि सायकलीची दोन्ही चाके खाशांकडे वंशपरंपरा. ते ठिगळ अद्याप टिकून आहे. राज्यात त्याची खबर कोणास नाही, म्हणोन येथे लिहोन ठेविली. लेखनसीमा.