कारभाऱ्याचं हसणं

कवडूचे डोळे उघडले तेव्हा ऊन दारातून थेट चुलीपर्यंत पोचलं होतं, आणि त्याची सासू रुख्माबाई त्याच्या बायकोच्या लुगड्यांचं बोचकं बांधत होती.

"सकाळी सकाळी कोठी निंगाल्या, मामीजी?" कवडूनं उठून बसत विचारलं. त्याच्या गालावर कालच्या नाटकाचा रंग तसाच होता आणि कोळशाची मिशी उशीला लागून कानापर्यंत पसरली होती.

"टाकळीले. पोरीले घेऊन."

"काऊन? काय झालं?"

"काय झालं ते साऱ्या पुलगावानं पाह्यलं काल," रुख्माबाई म्हणाली आणि बोचक्याची गाठ अशी आवळली, की कवडूला आपलाच गळा आवळल्यासारखं वाटलं.

कवडू पुलगावच्या मिलमध्ये विणकर होता. पण गावात त्याची ओळख होती ती कामगारांच्या नाटक मंडळीतला नट म्हणून. गेल्या वर्षी त्यानं देवीच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता मरणारा मास्तर केला होता. तो मेला तेव्हा बायांनी पदर डोळ्यांना लावले, आणि भाजीवाल्या वच्छलाबाईनं तर पुढं वर्षभर त्याला सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट घातला. पण यंदा मंडळीचा नेहमीचा खलनायक दारूगोळ्याच्या डेपोत कामाला लागला, त्याला सुट्टी मिळेना, आणि मालगुजार जमीनदाराच्या दुष्ट कारभाऱ्याचं काम कवडूच्या गळ्यात पडलं. कवडूनं ते असं केलं, की पहिल्या रांगेतली पोरं उठून मागच्या रांगेत गेली. विधवेला फरफटत झोपडीबाहेर काढताना तो जे हसला, त्या हसण्यानं मांडवाबाहेरचं कुत्रंही भुंकायचं थांबलं.

रुख्माबाई जावयाचं कौतुक पाहायला मुद्दाम टाकळीहून आली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती नाटक पाहत होती.

"मामीजी, ते नाटक व्हतं!" कवडू म्हणाला. "थे विधवा म्हंजे आपला भैय्याजी शिंपी. त्याले दोन पोट्टे हायेत!"

"मले काय खुळी समजता, जवाई? नाटक हाय हे मलेही समजते. पन ते हासनं कोठून आलं?"

"कोठून म्हंजे? म्याच हासलो."

"तेच म्हनून राह्यली मी. आडात असन तवाच पोहऱ्यात येते. असं हासनं पोटात असल्याबिगर तोंडात येत नाई."

कवडूनं बायकोकडे, कांताकडे पाहिलं. कांता चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली होती. ती रडत होती की हसत होती, ते कळत नव्हतं.

"तू तं सांग वं मायले! म्या कवा तुह्या अंगाले बोट लावलं?"

"नाई लावलं," कांता म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आजवरी."

कवडू तसाच धावत भैय्याजी शिंप्याकडे गेला. ज्याला फरफटत काढलं त्यानंच साक्ष दिली म्हणजे म्हातारीचं समाधान होईल, असा त्याचा हिशेब होता. भैय्याजी आला. तोंडावरचा रंग पुसला होता, तरी भुवया कोरलेल्याच होत्या. रुख्माबाईनं त्याला पाट दिला, पाणी दिलं आणि मायेनं विचारलं, "खरं सांगा भैय्याजी, दुखलं का?"

भैय्याजीला आपल्या कामाची फार घमेंड. काल सगळी वाहवा कवडूला मिळाली होती, त्याच्या रडण्याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. ही पहिली बाई, जिनं त्याच्या दुःखाची चौकशी केली. तो पाटावर नीट सरसावून बसला.

"आता तुमी इचारलंच तं सांगतो, माय. पाठीत धपका बसला तवा डोळ्यापुढं काजवे चमकले. मी रडलो ते खरंच रडलो."

"आयकलं?" रुख्माबाई म्हणाली आणि बोचकं उचलून टाकळीच्या सर्व्हिस मोटारीकडे निघाली. जाताना कांतानं एकदा मागं वळून पाहिलं. "सांबार घ्या आठवनीनं," एवढंच ती म्हणाली.

सांबार मिळाला नाही. वच्छलाबाईनं टोपलीवर ओलं फडकं ओढलं आणि सांगितलं, "तुह्यासाठी नाई हाय." न्हाव्यानं त्याला पाहून वस्तरा बाजूला ठेवला. मिलमध्ये त्याच्या शेजारच्या मागावरचा सोबती जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन दुसरीकडे बसला. चिडून कवडू एकदा ओरडला, "अबे, मी तोच कवडू हाय!" तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहून माना हलवू लागले. आवाज कारभाऱ्याचाच लागला होता.

चार दिवस कवडूनं स्वतःच्या हातच्या करपलेल्या भाकरी खाल्ल्या. मग रजा टाकली आणि टाकळी गाठली. वाटेत त्यानं पक्कं ठरवलं, की सासूशी इतकं चांगलं वागायचं, इतकं चांगलं वागायचं, की तिला लाज वाटली पाहिजे.

पोचताच त्यानं वाकून नमस्कार केला. विहिरीवरून पाणी भरलं. गोठा झाडला. शेजारच्या म्हातारीचा सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन तिच्या दारात टाकला. संध्याकाळी रुख्माबाईपुढं हात जोडून तो म्हणाला, "मामीजी, माह्या हातून काई चुकलं असन तं माफ करा."

रुख्माबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे कोन्तं नाटक म्हनायचं, जवाई?"

"नाटक नाई, मामीजी!"

"गेल्या सालचा मास्तर असाच भारे वाहत व्हता म्हने. कांतानंच सांगतलं मले."

कवडूनं कपाळावर हात मारला. वाईट वागावं तर तो मुळातच वाईट, आणि चांगलं वागावं तर ते नाटक! या आडातून बाहेर पडायला दोरच नव्हता. रात्री ओसरीवर त्यानं कांताला गाठलं. "तुले तं माहीत हाय ना, खरा मी कोन्ता?"

"माहीत व्हतं," कांता म्हणाली. "पन तुमी मले पाह्याले आलते तवा खाली मान घालून किती लाजले व्हते! आता वाटते, तेही बसवलेलंच व्हतं का काय?" एवढं बोलून ती आत गेली. या वेळी ती हसत नव्हती. कवडूला झोप लागली नाही.

खरं तर रुख्माबाईचं डोकंही ठिकाणावर नव्हतं. नवरा गेल्यापासून शेती तीच एकटी पाहत होती. महिन्याभरापूर्वी देवळीच्या बाजारात चिंधू दलालानं गोड बोलून तिचा हिऱ्या बैल घेतला होता आणि त्याच्या बदल्यात एक तुकतुकीत पांढरा बैल तिच्या हवाली केला होता. पांढरा दिसायला राजबिंडा, पण खांद्यावर जू पडलं की फतकल मारून बसे. शेपटी पिरगाळा, आर टोचा, हिरवा चारा दाखवा, तो ढिम्म हलत नसे. वैशाख सरत आला होता, गावातल्या साऱ्यांची वखरणी उरकली होती आणि रुख्माबाईचं वावर तसंच पडलं होतं. दोनदा ती चिंधूकडे जाऊन आली. दोन्ही वेळा त्यानं हसून वाटेला लावलं.

बाजाराच्या दिवशी ती तिसऱ्यांदा निघाली. शेजाऱ्याची बंडी मागून आणली, मागं पांढऱ्याला बांधलं. कांता निघाली, आणि कोणी बोलावलं नसताना कवडूही बंडीच्या मागं मागं चालू लागला.

बैलबाजारात चिंधू दलाल निंबाच्या सावलीत बाजेवर लोळत होता. आडवा माणूस, बोटांत चांदीच्या अंगठ्या. मागच्या खुंट्याला हिऱ्या बांधलेला होता. रुख्माबाईला पाहताच हिऱ्यानं हंबरून दाव्याला हिसका दिला. रुख्माबाईचे डोळे भरून आले.

"चिंधूभाऊ, मायं जनावर मले परत दे. वावर पडून हाय. तूच म्हनला व्हता, नाई चालला तं परत आनजो."

"म्हनलो असन," चिंधू म्हणाला. "माह्याकडे चालत व्हता, बुढे. तुह्याकडे बसते तं तुह्याच हाताले गुन नाई." भोवतालची चार माणसं हसली.

कवडू पुढं झाला. आपण काय करतोय हे त्यालाही नीट कळायच्या आत त्याचे हात जोडले गेले, मान कलली आणि मास्तरांचा आवाज लागला, "दादा, मुक्या जनावराच्या डोळ्यांतलं पाणी तरी पाहा. माणुसकी ही विकत मिळत नाही."

"मंग इथं बाजारात कायले आला बे?" चिंधू म्हणाला, आणि आता सगळा बाजार हसला. कवडूचा चेहरा उतरला. तो मागं सरणार तोच बंडीपाशी उभी असलेली कांता हळूच म्हणाली, "हे नाई चालत इथं. ते दुसरं काढा."

कवडूनं एकदा तिच्याकडे आणि एकदा सासूकडे पाहिलं. सासू पदरानं डोळे पुसत होती. त्यानं धोतराचा सोगा झटकला, आणि त्याची पाठ हळूहळू ताठ झाली. एक डोळा बारीक झाला. सावकाश पावलं टाकत तो बाजेजवळ गेला आणि न विचारता चिंधूच्या पायथ्याशी बसला. चिंधूचीच चंची उघडून त्यानं सुपारी तोंडात टाकली.

"छान जनावरं आहेत तुमची," तो अगदी हळू आणि शुद्ध नाटकातल्या मराठीत म्हणाला. "आणि कडब्याची गंजी कुठं रचता? घराला लागूनच ना? वैशाखातला कडबा फार कोरडा असतो, चिंधूशेठ."

चिंधू उठून बसला. "कोन हो तुमी? कोठचे?"

"मी? मला कारभारी म्हणतात." आणि कवडू हसला. आधी नुसत्या नाकातून, मग घशातून, मग पोटातून. रांगेतले बैल कान टवकारून दावी ओढू लागले. हसणारी चार माणसं चार पावलं मागं सरली. चिंधूच्या हातातला अडकित्ता खाली पडला.

तेवढ्यात हसणं मध्येच तुटलं. कवडूचे खांदे पडले, डोळ्यांत पाणी तरारलं, आणि चिंधूचा हात हाती घेऊन मास्तर कळवळून म्हणाले, "घाबरू नका हो, दादा! मी आहे. मी त्याला समजावतो. पण तो फार वेळ माझं ऐकत नाही."

"त्याले येऊ देऊ नका!" चिंधूच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या परीनं धरून ठेवतो. पण हा बैल इथं दिसला की तो खवळतो." मास्तरांचा एक डोळा बारीक होऊ लागला. "दादा... लवकर करा... तो येतोय वाटतं..."

चिंधू दलालाला एवढं चपळपणे उठताना देवळीच्या बाजारानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या हातानं हिऱ्याचं दावं सोडलं, रुख्माबाईच्या हातात दिलं, पांढऱ्याला बंडीपासून सोडून घेतलं आणि वर एक नवी कोरी वेसण भेट दिली.

आणि तेव्हाच गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तं पुलगावच्या मिलमंधला कवडू! वन्स मोअर!"

त्याबरोबर टाळ्यांचा कडकडाट झाला. "वन्स मोअर! वन्स मोअर!" माणसं बंडीवर चढली, पानवाला पानं टाकून आला. चिंधूच्या ध्यानात सगळा प्रकार आला, पण उशीर झाला होता. भर बाजारात, टाळ्यांच्या गजरात दिलेला बैल परत कोणत्या तोंडानं मागणार? तो कवडूकडे बघत राहिला, रुमालानं घाम पुसला, आणि सगळे वाजवतात म्हणून त्यानंही टाळ्या वाजवल्या. कवडूनं मग कारभारी पुन्हा एकदा करून दाखवला. या खेपेला पोरं मागं पळाली नाहीत, तरी पांढरा बैल मात्र आयुष्यात पहिल्यांदा पळत सुटला. त्याला कोपऱ्यावरून धरून आणावं लागलं.

परतताना हिऱ्या बंडीमागं दुडक्या चालीनं येत होता. कवडूनं भीत भीत विचारलं, "आता तं सांगा मामीजी, यातला खरा कोन्ता वाटते तुमाले?"

"मले कायले पाह्यजे ते?" रुख्माबाई म्हणाली. "मी एका जवायाच्या मानपानात दोन जवाई आनले. दोघंही आपल्याच घरचे. पोळ्याले येजा दोघंही. गावच्या पाटलानं माह्या वावराचा धुरा कोरून बांध आत सरकवला हाय, त्याच्याशी बोलाचं हाय."

"कोन्त्यानं बोलाचं?"

"पयले मास्तरले पाठवू," रुख्माबाई विचार करून म्हणाली. "आपन काई रानटी नाई."

दुसऱ्या दिवशी कांता पुलगावला परत आली. बाजारातली गोष्ट तिच्या आधीच पोचली होती. मिलच्या फाटकापाशी लोकांनी कवडूला खांद्यावर घेतलं, न्हाव्यानं बोलावून दाढी केली, आणि भैय्याजी शिंपी जो भेटेल त्याला पाठ दाखवून सांगू लागला, "हे पाह्य, याच हातचा धपका!"

संध्याकाळी कवडू घरी आला तो हवेतच चालत. दारात उभं राहून त्यानं छाती काढली. "बोला, बाईसाहेब! आज कोण हवा, मास्तर की कारभारी?"

कांतानं पिठाचे हात झटकले. "दोघायलेही मायकडे ठेवून आली मी. तिले कामाचे हायेत. मले पाह्याले आलता तो कोठी हाय?"

कवडूला यावर एकही वाक्य आठवेना. कोणाचा आवाज काढावा, हात कुठं ठेवावेत, काहीच कळेना. त्यानं मान खाली घातली, आणि कानाच्या पाळीपर्यंत तो लाल झाला.

कांतानं खाली वाकून त्याचा चेहरा नीट निरखून पाहिला.

"हां," ती म्हणाली, "हे काई कोनाले बसवता येत नाई." आणि तिनं त्याचं ताट वाढलं.